शिडाच्या नौकांचे तुमचे आवडते डिझायनर कोण? त्यांच्या नौकांत असं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही निपाणीचे, समुद्राशी संबंध सुट्टीपुरता, पण शिडाच्या नौकांचे व्हिडिओ बघून वेड लागलंय. आणि खलाशी लोक "ही अमक्याच्या हातची नौका" असं कौतुकानं म्हणतात, तेव्हा ते नेमकं कशाचं कौतुक करतात, हे तुम्हाला समजून घ्यायचंय.

मीसुद्धा समुद्रकाठचा नाही. बेळगावात उद्यमबागला आमचं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीवाल्यांना ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे मातीत ठसा उमटवायचे नमुने, करून द्यायचे, हा धंदा. सवड मिळाली की चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो आणि ओळखीच्यांच्या शिडाच्या बोटीवर हाताखाली काम करतो. त्यामुळं मी नौका बघतो ती आधी तिचा आकार बघतो, शिडं नंतर.

माझा निकष एकच आहे. रात्रीचे तीन वाजलेत, वारा वाढलाय, सुकाणूवरचा माणूस चिंब भिजलाय आणि दोन रात्री त्याचा डोळा लागलेला नाही. अशा माणसाला ती नौका सांभाळून घेते का? जो डिझायनर कागदावर रेघ मारताना या माणसाचा विचार करतो, तो माझा. शर्यत जिंकणाऱ्या नौका पुष्कळांनी केल्या, त्यांचा मान मोठाच आहे, पण माझा जीव या दुसऱ्या प्रकारात अडकलाय.

म्हणून पहिलं नाव विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसाचं. आणि त्यांच्याही आधी, ज्यांच्या आकारावरून त्यांनी आपला आकार घेतला त्या कॉलिन आर्चर यांचं. आर्चर नॉर्वेतल्या लार्विकचे, जन्म 1832 चा, आईवडील स्कॉटलंडहून आलेले. बर्फात चिरडू नये म्हणून गोल पोटाचं 'फ्राम' जहाज ध्रुवप्रदेशात मोहिमेवर निघालेल्या नानसेनसाठी त्यांनीच बांधलं. बर्फानं दोन्हीकडून दाबलं की ते वर उचललं जायचं. पण खलाशांच्या मनात ते आहेत ते त्यांच्या बचाव नौकांमुळं. नॉर्वेचे मच्छीमार वादळात सापडले की त्यांना आणायला जायचं, तेही इंजिनाशिवाय, नुसत्या शिडावर. म्हणजे बाकी सगळे किनाऱ्याकडं पळतात तेव्हा ही नौका बाहेर निघणार. त्यासाठी आर्चर यांनी नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, आणि पिछाडी दोन्ही टोकदार ठेवल्या. मागून चढून येणारी लाट सपाट पिछाडीवर आदळते आणि नौकेला आडवी फिरवते. टोकदार पिछाडी तीच लाट दुभंगून दोन्ही बाजूंनी जाऊ देते. कील, म्हणजे तळाचा कणा, पुढून मागपर्यंत सलग. त्यामुळं नौका आपली वाट सहसा सोडत नाही.

ॲटकिन यांनी 1920च्या दशकात हाच आकार लहान करून 32 फुटांवर आणला आणि आराखड्याला 'एरिक' नाव दिलं. याच आराखड्यावरची एक नौका मुंबईत बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज, व्यापारी जहाजावरचा अधिकारी, त्यानं सागवानात ती करून घेतली. बांधणारे आपल्याकडचे सुतार, हत्यारं बरीचशी जुन्या चालीची. 1964 च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. नाव 'सुहेली'. 14 जून 1968 ला इंग्लंडच्या फालमथहून तो तिच्यावर एकटा निघाला आणि कुठंही न थांबता पृथ्वीला वळसा घालून 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, तिथंच परत आला. असं करणारा जगातला पहिला माणूस. हा प्रवास म्हणजे एक शर्यत होती. तिच्यात नऊ जण उतरले होते, पूर्ण केली ती एकट्या सुहेलीनं.

सुहेली वेगवान नव्हती. शर्यतीतल्या इतर नौकांपुढं ती बुटकी आणि जड दिसायची. पण ऑस्ट्रेलियाच्या आसपास तिचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, तेव्हा शिडं नीट जुळवून सुकाणू बांधून ठेवलं तरी ती आपली आपण दिशा धरून चालत राहिली आणि तिचा मालक झोपू शकला. एकट्या माणसाला याहून मोठी मदत कुठली? हा गुण वरून बसवता येत नाही, तो आकारातच असावा लागतो. दक्षिणेच्या महासागरात मागून डोंगरासारख्या लाटा यायच्या तेव्हा तो पिछाडीतून लांब जाड दोर सोडून वेग मारायचा आणि टोकदार पिछाडी आपलं काम करायची. आर्चर यांनी मच्छीमारांसाठी केलेला विचार असा मुंबईच्या सागवानातून जगाला फिरून आला. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि त्या सुतारांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येत नाहीत याचं वाईटही वाटतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 2018 साली आपल्या नौदलाचे अभिलाष टोमी 'तुरीया' घेऊन तशाच शर्यतीत उतरले. तीही याच आराखड्यावरची, गोव्यात बांधलेली. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळानं तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टोमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, त्यांना सोडवून आणावं लागलं. चांगला आकार म्हणजे वादळाला सूट मिळाली असं होत नाही.

दुसरं नाव ऑलिन स्टीफन्स, अमेरिकेचे. 1908 साली जन्म, शंभरी गाठून 2008 मध्ये गेले. आजारपणामुळं पहिल्याच वर्षी एमआयटी सुटली, पदवी नाहीच. एकविसाव्या वर्षी त्यांनी 'डोरेड' रेखाटली, 52 फूट लांब आणि त्या काळाच्या मानानं फार अरुंद. 1931 मध्ये ती अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत उतरली. जहाजावर ऑलिन, धाकटा भाऊ रॉड आणि वडील. दुसऱ्या नौकेच्या जवळजवळ दोन दिवस आधी ती पोचली. पुढं अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या नामांकित शर्यतीसाठी अमेरिकेच्या बाजूनं 1937 पासून 1980 पर्यंत जेवढ्या नौका उतरल्या, त्यातली 1962 ची सोडली तर प्रत्येकीत स्टीफन्स यांचा हात आहे.

पण मला त्यांच्या घरातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक पेटी. लाकडी नौकेच्या आत हवा खेळली पाहिजे, नाहीतर माणसं गुदमरतात आणि लाकूड कुजतं. डेकवर झरोका ठेवला तर लाट थेट बिछान्यावर. रॉड यांनी डोरेडवर यावर उपाय केला. डेकवर एक पेटी बसवायची. तिच्या वरच्या झाकणाला, एका टोकाला, वाऱ्याकडं तोंड करून वाकडा नळ. आत केबिनमध्ये उतरणारी नळी मात्र पेटीच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिचं तोंड पेटीच्या तळापासून चांगलं वर उचललेलं. लाट नळातून आत आली की पाणी जड, ते सरळ पेटीच्या तळाला पडतं आणि तळाशी ठेवलेल्या भोकांतून डेकवर वाहून जातं. हवा हलकी, ती वळून नळीत शिरते आणि खाली जाते. ना पंखा, ना झडप, हलणारा भागच नाही, त्यामुळं बिघडायलाही काही नाही. आज जगभर कुठल्याही बंदरात अशी पेटी दिसली तर तिला 'डोरेड'च म्हणतात. मी एकदा दुकानात उरलेल्या प्लायवूडची करून बघितली. आमच्याकडं रंगकामाला असलेल्या कन्नड मावशींनी वरून बादलीभर पाणी ओतलं, खाली धरलेला कागद कोरडा. आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात घराच्या कौलारू माळ्याला बसवावी अशी चीज आहे. ज्या घराण्याला वेगाच्या नादातही झोपलेल्या माणसाचा बिछाना सुचतो, त्यांच्या नौका लोक नव्वद वर्षं जपतात याचं मला नवल वाटत नाही. डोरेड अजून धावते. 1936 मध्ये जिंकलेली लॉस एंजेलिस ते होनोलुलू शर्यत तिनं 2013 मध्ये पुन्हा जिंकली.

आता आपल्या भागाचं. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात देगावजवळ उगम पावून म्हादई नदी गोव्यात उतरते आणि पुढं मांडवी म्हणून समुद्राला मिळते. पाणी कुणाचं या वादात आपण तिचं नाव रोज पेपरात वाचतो. त्याच नावाची नौका, 'म्हादेई', गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली आणि 2009 मध्ये नौदलात आली. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. तिच्यावर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, 2012-13 मध्ये अभिलाष टोमींनी तीच प्रदक्षिणा न थांबता केली. तशीच बांधलेली 'तारिणी' घेऊन 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी फिरून आल्या आणि 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच.

आराखडा कुणाचा? हॉलंडच्या व्हॅन डे स्टाट यांच्या कार्यालयाचा, 'टोंगा 56', म्हणजे 56 फुटी. रिकस व्हॅन डे स्टाट या माणसानं 1949 मध्येच 'झेफाल्क' नावाची प्लायवूडची नौका करून दाखवली होती. सलग लांब कीलऐवजी मधोमध पंखासारखी आखूड कील, आणि सुकाणू तिच्यापासून तोडून मागं वेगळं. आज बहुतेक नौका अशाच असतात, तेव्हा लोक भुवया उंचावायचे. पाण्यात ओला भाग कमी, म्हणून चाल हलकी. पण मला त्यांचं मोठेपण वेगळ्याच ठिकाणी दिसतं. त्यांच्या कार्यालयानं असे आराखडे विकले की ज्यावरून लहान यार्डसुद्धा, किंवा घरामागं शेड घातलेला हौशी माणूससुद्धा, नौका बांधू शकेल. गोव्यातल्या यार्डानं अशी महासागरी शिडाची नौका आधी कधी केलेली नव्हती. लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवून त्यांनी ती केली आणि तिनं पृथ्वीला फेऱ्या मारल्या. करणाऱ्याला कळेल असं ड्रॉइंग काढणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. दिसायला सुंदर पण पॅटर्न मातीतून निघणारच नाही अशी ड्रॉइंगं आमच्याकडं नेहमी येतात.

कीलचा विषय निघालाय तर तिथं जरा थांबतो, कारण ती ओतकामाचीच वस्तू आहे. शिडावर वारा दाबतो, नौका कलते, आणि तिला परत उभी करतं ते तळाचं वजन. ते बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, तरी असतं नाहीतर शिशाचं. बीड पाण्याच्या सातपट जड, शिसं अकरापट. म्हणजे तेवढंच वजन शिशात कमी जागेत मावतं आणि अजून खाली नेता येतं. पण शिसं महाग, म्हणून स्वस्तातल्या नौकांना बीड. त्यात काही कमीपणा नाही, गंज सांभाळावा लागतो एवढंच. पॅटर्न करताना धातू थंड होऊन आकसणार ते धरून माप वाढवावं लागतं, बीडाला साधारण शंभराला एक. डिझायनरनं काढलेली वळणदार रेघ ओतीव कीलमध्ये तशीच उतरली पाहिजे, नाहीतर पाणी तिथं घुटमळतं.

हे वजन आणि रुंदी यांचं गणित किती जिवाचं आहे ते 1979 च्या फास्टनेट या इंग्लंडहून निघणाऱ्या शर्यतीत दिसलं. 303 नौका निघाल्या, वादळ आलं, 15 स्पर्धक गेले. काही नौका उलटल्या त्या लवकर सरळच होईनात, कारण रुंद आणि हलक्या नौका उलट्या अवस्थेतही स्थिर राहतात. त्या वादळात सगळ्यात लहान गटातून एकच नौका शर्यत पूर्ण करून आली, 'असेंट' नावाची, डेव्हिड सॅडलर यांच्या आराखड्यावरची कॉन्टेसा 32. अरुंद, पोट खोल, वजन खाली. आतमध्ये जागा कमी म्हणून तिला नावं ठेवणारे आहेत. मी ठेवणार नाही.

बॉब पेरी या डिझायनरचंही नाव तुम्हाला सगळीकडं दिसेल. 1970च्या दशकातली त्यांची व्हॅलिअंट 40 पाण्यावर आर्चर यांच्यासारखी टोकदार आणि पाण्याखाली आखूड कीलची, म्हणजे दोन्ही घराणी एकत्र. हुशार काम आहे, लांबच्या प्रवासाला लोक तिच्यावर जीव टाकतात.

आता तुमच्यासाठी. या मोठ्या नावांच्या आधी तुमची गाठ पडेल ती क्लार्क मिल्स किंवा ब्रूस कर्बी यांच्याशी. मिल्स यांनी 1947 मध्ये फ्लोरिडात मुलांसाठी ऑप्टिमिस्ट ही छोटी नौका केली, चौकोनी नाकाची, प्लायवूडची, स्वस्त. कर्बींची लेझर 1969 मध्ये फोनवर बोलता बोलता काढलेल्या स्केचपासून सुरू झाली आणि आज दोन लाखांहून जास्त लेझर जगात आहेत. एक शीड, एक दोरी, एक सुकाणू. गोव्यात शिकायला गेलात तर मोठ्या माणसाला बहुतेक यावरच बसवतात. वारा कुठून येतोय हे ती मानेच्या कातडीला शिकवते, आणि ते कळल्याशिवाय वरचं सगळं नुसतं वाचन.

आणि गोव्याला एक फेरी पावसाळ्यात मारा. तेव्हा बऱ्याच नौका पाण्याबाहेर ठोकळ्यांवर काढून ठेवलेल्या असतात, आणि इतर वेळी पाण्याखाली लपलेला अर्धा भाग तेव्हाच बघायला मिळतो. मालकाला विचारून जवळ जा. पिछाडीमागं उभं राहून एक डोळा मिटा आणि तळाची रेघ नाळेपर्यंत कुठं तुटते का ते बघा. कील पोटाला जिथं जोडलीय तिथं फट किंवा गंजाचा ओघळ आहे का, सुकाणूला खाली आधार आहे की ते नुसतं लोंबतंय, हे हात लावून बघा. मग मालकाला डिझायनरचं नाव विचारा. ज्याला ते माहीत असेल तो तुम्हाला तासभर सोडणार नाही, चोर्ल्यात धुकं उतरायच्या आत परत निघायचं तेवढं लक्षात ठेवा.