सौरपॅनेल : भीती नेमकी कशाची बाळगावी?

प्रश्न : आमच्या गच्चीवर दहा सौरपॅनेल आहेत आणि त्यांच्या खालच्याच खोलीत सहा महिन्यांचे नातवंड झोपते. पॅनेलमधून घातक किरण बाहेर पडतात, असे शेजारी सांगतात. आग लागण्याचीही भीती वाटते. काय करावे?

उत्तर : बाळाची खोली बदलण्याचे काहीही कारण नाही. पॅनेल सूर्यप्रकाश शोषून त्याची वीज करते. त्यातून कोणताही किरणोत्सर्ग होत नाही आणि रात्री तर वीजनिर्मितीच थांबलेली असते. इन्व्हर्टरभोवती (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राभोवती) घरातल्या इतर विद्युत उपकरणांप्रमाणे चुंबकीय क्षेत्र असते, परंतु ते थोड्याशा अंतरावर झपाट्याने क्षीण होते.

आगीची शंका मात्र रास्त आहे आणि माझ्या मते आपली सगळी काळजी तिथेच खर्ची पडावी. घरातील एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) असेल तर तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सैल जोडात उडालेली ठिणगी विझण्यास वाव मिळतो. पॅनेलमधून येणारी डीसी वीज एकाच दिशेने अखंड वाहत असल्याने तिची ठिणगी एकदा पेटली की पेटलेलीच राहते आणि आजूबाजूचे प्लॅस्टिक वितळवू लागते. त्यातच दहा पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतील, तर एकेकाचे सुमारे ४० व्होल्ट मिळून ४०० व्होल्टपर्यंत दाब तयार होतो. आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते की, घराचा मुख्य स्विच बंद केला तरी दिवसाउजेडी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जिवंतच असते.

म्हणून पॅनेलखालचे, तारा जोडणारे काळे कनेक्टर जाणकार तंत्रज्ञाकडून वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर ‘टक्’ असा आवाज करून एकमेकांत बसतात खरे, पण आतला धातू धातूला नीट भिडतोच असे नाही आणि तो जोड तापत राहतो. कनेक्टरचा रंग उडालेला, कडा मऊ पडून वाकलेली किंवा तार उंदराने कुरतडलेली दिसली, तर हात न लावता तंत्रज्ञाला बोलवावे. चालू प्रवाहात कनेक्टर उपसणे ही सर्वांत घातक चूक होय. स्वच्छतेसाठी कठडा नसलेल्या किंवा ओल्या छतावर एकट्याने चढू नये. तोल जाऊन पडण्याचा धोका कोणत्याही काल्पनिक किरणांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

प्रश्न : गारपिटीत तडकलेले पॅनेल अंगणात उभे करून ठेवले आहे. त्यातील विष मातीत उतरेल का? भंगारवाला फक्त ॲल्युमिनियमची चौकट मागतो; द्यावी का?

उत्तर : देऊ नये. सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये वजनाने सर्वाधिक काच असते. घातक म्हणावे असे शिसे पॅनेलमधील सौरपेशी जोडणाऱ्या डाखात अल्प प्रमाणात असते आणि ते काच व प्लॅस्टिकच्या थरांत बंद असते. केवळ तडा गेल्याने ते लगेच मातीत उतरत नाही. चौकट काढून उरलेला भाग उकिरड्यावर चिरडला गेला किंवा जाळला गेला, तर मात्र चित्र पालटते, कारण अनेक पॅनेलच्या मागील आवरणात फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिक असते आणि त्याचा धूर विषारी असतो. काही पातळ-थर पॅनेलमध्ये कॅडमियमचे संयुग असते. त्यांच्याबाबत अधिक दक्षता हवी.

सौरऊर्जेकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नव्हे. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालानुसार, निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब धरता छतावरील पॅनेलच्या एका युनिटमागे सुमारे ४१ ग्रॅम, तर कोळशाच्या विजेमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. मात्र २०५० पर्यंत जगभरातील पॅनेलचा कचरा ७ कोटी ८० लाख टनांपर्यंत पोहोचू शकतो, असा अंदाज आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये वर्तवला होता. युरोपीय संघाने २०१२ मध्येच जुने पॅनेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आपणही विक्रेत्याकडे लेखी विचारणा करावी आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच पॅनेल सोपवावे. तोवर ते जाड, अपारदर्शक कापडाने पूर्ण झाकून मुलांच्या हाताबाहेर व कोरड्या जागी ठेवावे, कारण तडकलेले पॅनेलही उन्हात वीज निर्माण करीतच राहते.