अण्वस्त्रे असूनही भारत-पाकिस्तानमध्ये छुपे युद्ध का चालते आणि सामान्य नागरिक त्यात काय करू शकतो?

‘का’चे उत्तर सरळ आहे. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि पुढच्याच वर्षी कारगिल घडले. खुले युद्ध कुठवर जाईल याची धास्ती दोघांनाही असते आणि त्या धास्तीच्या आडोशाने, अंगाशी आल्यास हात झटकता येतील अशी माणसे पाठवणे पाकिस्तानी लष्कराला परवडते. संसदेवरील हल्ल्यानंतर आपले सैन्य सुमारे दहा महिने सीमेवर उभे राहून युद्धाविना परतले, हे त्यांनीही पाहिले. बालाकोटपासून आपले उत्तर बदलले, पण ते हल्ला होऊन गेल्यानंतरचे उत्तर आहे.

नागरिकाविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण मी रायगड जिल्ह्यातल्या कोळ्याच्या घरात वाढले. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स आमच्याच जिल्ह्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका बळकावली, तिच्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, ठार मारले आणि रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तिथे त्यांना हटकले ते कोळ्यांनीच.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझ्या बाबांना पहाटे परतताना खाडीच्या तोंडाशी दिवे विझवून नांगरलेली, क्रमांक नसलेली एक नौका दिसली. मासळी उतरवण्याआधी ते खबर द्यायला गेले. तिथल्या अधिकाऱ्याने त्या नौकेविषयी विचारण्यापूर्वी बाबांचाच परवाना, खलाशांची ओळखपत्रे आणि डिझेलचा हिशेब मागितला व दुपारपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवले. तोवर नौका निघून गेली होती, आमचा बर्फ वितळला होता आणि आईने ती मासळी मिळेल त्या भावाने विकली. बाबा पुन्हा कधीही खबर द्यायला गेले नाहीत.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले माझे मामा आजही म्हणतात, की सुरक्षा गणवेशातल्या माणसांनी पाहावी आणि कोळ्यांनी जाळी टाकावीत. मामांचे चुकते. ‘कुबेर’ रडारवर हजारो नौकांपैकी एक होती. चारचौघांसारखे दिसणे हेच अशा युद्धातले शस्त्र आहे. वीस मीटरहून लांब नौकांवर ओळख कळवणारे यंत्र सक्तीचे झाले, पण आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी नौका त्याहून लहान असतात. शेजारच्या गावची नौका बांधणीवरून आणि इंजिनाच्या आवाजावरून ओळखणारा तांडेल तिथे यंत्राहून उपयोगी ठरतो आणि त्यालाच संशयित मानले, तर आपण आपलाच पहारा उठवतो.

ती नौका चोरट्या डिझेलचीही असू शकेल आणि सगळे अधिकारी तसे नसतात, हेही सांगितले पाहिजे. शिवाय किनारा ही एकच आघाडी आहे. मे २०२५ मध्ये ड्रोन आणि बनावट चित्रफितींनी इतर आघाड्याही दाखवल्या. तरीही किनाऱ्यावर राहत असाल, तर अनोळखी नौका दिसताच सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर कळवा. बाबा आता समुद्रावर जात नाहीत, पण भावाच्या फोनमध्ये तो क्रमांक मी नोंदवून दिला आहे आणि मामांच्याही.