रात्री रस्त्यावर अपघात दिसला तर थांबावं का? पोलिसांचं लचांड मागं लागतं का? आणि जखमीला कुठं न्यावं?

पोलिसांचं आधी सांगतो, कारण त्याच भीतीनं लोक गाडी पुढं दामटतात. बिनधास्त थांबा. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला दवाखान्यात सोडून तुम्ही नाव न सांगता निघू शकता. साक्ष द्यायची का नाही, ही तुमची मर्जी. ‘आधी पोलीस येऊ द्या’ म्हणून डॉक्टरला उपचार थांबवता येत नाहीत, हे तर १९८९ पासून ठरलेलं आहे.

आता कुठं न्यावं ते. मी बीड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. कारखान्याचं गाळप सुरू झालं की रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली पोरं येतात. ट्रॉलीला मागं दिवा नसतो, रेडियम लावलेलं असलं तरी लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली झाकलेलं. पोराच्या डोक्यावर हेल्मेट नाही. आणि त्याला आणतात कसं, तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून. मान छातीवर पडलेली, तोंडात रक्त, घशात घरघर. मान अशी पडली की बेशुद्ध माणसाचा श्वास कोंडतो. मानेचं हाड मोडलेलं असेल तर हिसक्यानं आणखी इजा होते. हात जोडून सांगतो, असं आणू नका. १०८ ला वेळ लागणार असेल तर पिकअप थांबवा, छोटा हत्ती थांबवा, पण आडवं झोपवून आणा. बेशुद्ध असेल, तोंडात रक्त असेल किंवा उलटी होत असेल तर डोकं आणि धड एकदम वळवून कुशीवर करा. पाणी अजिबात पाजू नका. रक्त वाहत असेल तर दस्ती किंवा उपरण्याची घडी करून जखमेवर जोरात दाबून धरा. थांबलं का बघायला सारखी उचलू नका. हळद भरू नका.

श्वास अडकतोय किंवा रक्त थांबत नाही, तर सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. आमच्याकडं सीटी स्कॅन नाही, सर्जन नाही, पण ऑक्सिजन, सक्शन (तोंडातलं रक्त ओढून काढायचं यंत्र), सलाईन आहे. माणूस पुढच्या प्रवासाला टिकेल एवढं आम्ही करू शकतो. डोक्याला मार आहे, पण श्वास नीट चाललाय, तर १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरला विचारा. आपल्याकडं त्या गाडीवर डॉक्टर असतो, आणि सीटी स्कॅन, मेंदूचा सर्जन कुठं मिळेल हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आमच्या भागातून बहुधा अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज.

माझ्या मते आपल्याकडं माणसं दगावतात ती रेफरच्या, म्हणजे एका दवाखान्यातून दुसरीकडं पाठवण्याच्या फेऱ्यांत. आमच्याकडून निघालेला एक जण वाटेत एका खासगी दवाखान्यात थांबला, तिथं बेड नाही म्हणाले. मग दुसरा दवाखाना, तिथं आधी पैसे भरा. मेडिकल कॉलेजला पोचेपर्यंत पहाट झाली. म्हणून नातेवाइकांना माझं सांगणं असतं की निघायच्या आधी पुढच्या ठिकाणी फोन करायला लावा, बेड आणि सर्जन आहे का ते विचारून घ्या, आणि रेफरच्या चिठ्ठीवर आधी दिलेली औषधं, इंजेक्शनं वेळेसकट लिहून घ्या. ती नसली की तिकडं सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पैशाचं म्हणाल तर अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ पासून लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार. नेमलेलं नसलं तरी जीव स्थिर करण्यापुरता उपचार त्यात बसतो. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि रात्रीत सोनं गहाण पडतं. तेव्हा दाखल करतानाच अपघाताची केस आहे, कॅशलेसमध्ये घ्या, असं स्पष्ट सांगा आणि ११२ वर पोलिसांना कळवा, कारण अपघाताची खात्री त्यांनी केल्याशिवाय ते पैसे मिळत नाहीत.