परसदारी पोलिसांचा ड्रोन: दगड नको, अर्ज द्या

प्रश्न दापोली तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. शिमग्याच्या बंदोबस्तातला पोलिसांचा ड्रोन त्यांच्या परसावर बराच वेळ घोंघावत राहिला. न्हाणी चिऱ्याच्या अर्ध्या भिंतींची, वर नुसत्या झावळ्या, आणि सून आत आंघोळ करत होती. धाकट्या भावाने दगड भिरकावला, तो लागला नाही. आता भावाला ठाण्यात बोलावलंय.

ताई, आधी भावाचं. लेखी नोटीस आली असेल तर त्याने हजर राहावं, पण वकील सोबत न्यावा. भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लावतील ही तुमची भीती खरी आहे, कारण ते अजामीनपात्र आहे. पण ते लोकसेवकावरच्या हल्ल्याचं किंवा बलप्रयोगाचं कलम आहे. दगड यंत्राकडे गेला, माणसाकडे नाही, हा मुद्दा पहिल्याच दिवशी मांडा. पुन्हा मात्र दगड नको. ड्रोन फुटला तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा वेगळा गुन्हा होतो.

आता सुनेचं, आणि मला जास्त महत्त्वाचं हेच वाटतं. पोलिसांच्या ड्रोन टेहळणीसाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. म्हणून पोलिसांना रान मोकळं आहे असं मुळीच नाही. 2021 च्या ड्रोन नियमांतून सरसकट वगळलेत ते फक्त लष्कर, नौदल आणि हवाई दल. ते नियम उड्डाणापुरते आहेत, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. त्यात शिरायचं तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरताच वापर, तिन्ही हवेत. पालखीची गर्दी सांभाळायला न्हाणीवर थांबायची गरज काय?

मुद्दाम चित्रण झालं असेल तर त्याच न्याय संहितेचं कलम 77, म्हणजे बाईचे खासगी क्षण चोरून बघण्या-टिपण्याचं कलम लागतं, खाकी वर्दीलाही. ड्रोन जाता जाता दिसला की तिथेच थांबवून ठेवला, हे त्याच्या उड्डाणाच्या नोंदीत कळतं. म्हणून पोलीस अधीक्षकांना आजच लिहा: त्या दिवसाचं चित्रण आणि उड्डाणाची नोंद जपून ठेवा, पुसू नका. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज जोडा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्याचा परवाना, उड्डाणाचा आदेश आणि चित्रण किती दिवस ठेवतात, एवढंच विचारा. ‘तपास चालू आहे’ म्हणून नकार आला तर तपासाला नेमकी कशी बाधा येते ते त्यांनी दाखवायला हवं. नाहीतर पहिलं अपील करा.

ठाण्याने सुनेची तक्रार घेतली नाही, तर तीच टपालाने अधीक्षकांकडे पाठवा. पोच जपून ठेवा.