शेक्सपिअरची नाटके ऑक्सफर्डच्या उमरावाने लिहिली, हा ‘अनॉनिमस’ चित्रपटातील दावा खरा आहे का?

माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. रोलंड एमरिख यांच्या २०११ च्या या चित्रपटात ज्याला खरा नाटककार ठरवले आहे, तो ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हिअर १६०४ मध्ये वारला. आणि शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकावर त्यानंतर, १६०९ साली, बर्म्युडाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या एका इंग्रजी जहाजाच्या हकिकतीची छाप आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय फ्रान्सिस मिअर्स या समकालीन इंग्रज लेखकाने १५९८ मध्ये सुखात्मिका लिहिणाऱ्या उत्तम लेखकांची जी यादी छापली, तीत ऑक्सफर्ड आणि शेक्सपिअर ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे आली आहेत.

मला अधिक खंत वाटते ती राणी पहिल्या एलिझाबेथविरुद्ध एसेक्सच्या अर्लने केलेल्या बंडाच्या प्रसंगाची. चित्रपटात बंडाच्या तोंडावर ‘तिसरा रिचर्ड’ हे नाटक रंगते आणि त्यातल्या कुबड्या राजात प्रेक्षकांना मंत्री रॉबर्ट सेसिल दिसतो (सेसिलच्या पाठीला खरोखरच बाक होता). प्रत्यक्षात ७ फेब्रुवारी १६०१ रोजी, बंडाच्या आदल्या दिवशी, लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग झाला तो ‘दुसरा रिचर्ड’चा. राजाला सिंहासन सोडायला लावण्याची ही कथा एसेक्सच्या माणसांनी मुद्दाम मागून घेतली होती. नाटक जुने झाले, प्रेक्षक येणार नाहीत, असे नटांनी सांगताच त्यांनी ४० शिलिंग जादा देऊ केले. हे सारे ऑगस्टीन फिलिप्स या नटाच्या जबानीत नोंदलेले आहे. नटमंडळींना शिक्षा तर झाली नाहीच, उलट २४ फेब्रुवारीला, एसेक्सच्या शिरच्छेदाच्या आदल्या दिवशी, त्यांना राणीपुढे प्रयोग करावा लागला. असा प्रसंग कागदोपत्री तयार असताना नाटकच बदलून टाकावे, हे मला पटत नाही.

तरीही व्हनेसा रेडग्रेव्ह आणि त्यांची कन्या जोएली रिचर्डसन यांनी साकारलेल्या वृद्ध व तरुण एलिझाबेथसाठी चित्रपट जरूर पाहावा.

चित्रपटातला शेक्सपिअर हा लोभी नट आहे आणि त्याला लिहिताही येत नाही. खऱ्या शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात बर्बेज, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या सहकारी नटांना आठवणीच्या अंगठ्यांसाठी पैसे ठेवले. बर्बेज १६१९ मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी १६२३ मध्ये आपल्या मित्राच्या नावाने ३६ नाटके एकत्र छापवून घेतली, आणि त्यांतली १८ तोपर्यंत कधीच छापली गेली नव्हती.