मुलाला खोकल्यासाठी गावी ठेवलं, तर पावसाळ्यात खोकला उलट वाढला. असं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीची आमची एक पहाट आठवली. तुम्ही लिहिलंय की मुलगा बारा वर्षांचा, मुंबईत सारखा खोकायचा म्हणून त्याला राजापूरजवळ आजीकडे ठेवलंत. मे महिना छान गेला. पाऊस लागला आणि रात्रीचा खोकला, पहाटे छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज सुरू झाला. गावची हवा एवढी शुद्ध, मग असं कसं?

गावची हवा शुद्ध आहे, पण ती अंगणात. पावसाळ्यात मूल अंगणात नसतं, घरात असतं. आणि जून ते सप्टेंबर आपलं घर चारी बाजूंनी बंद असतं. पडवीला झाप नाहीतर प्लास्टिक बांधलेलं, खिडक्या लावलेल्या, मेमध्ये रात्रभर उघडं असणारं मागचं दारही ओढून घेतलेलं. तेव्हा आत काय काय जळतं ते आधी बघा.

आमच्या मुलीचं असंच झालं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. आम्ही लांज्याकडचे. स्वयंपाकाला गॅस केव्हाच आला होता, म्हणून "आमच्याकडे चूल नाही" असं मी डॉक्टरांना सांगून मोकळी झाले. त्यांनी विचारलं, "आंघोळीचं पाणी कशावर तापतं?" मग विचारलं, "ही झोपते कुठे?"

पाणी न्हाणीघरातल्या चुलीवर तापायचं आणि ती झोपायची माजघरात. मध्ये अख्खं स्वयंपाकघर होतं, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सासूबाईंनी चूल पेटवली, तेव्हा मी माजघरातला दिवा घालवून बॅटरीचा झोत वर सोडला. जुन्या कौलारू घरांतल्या आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. न्हाणीकडचा धूर त्या भिंतीच्या माथ्यावरून, उतू जाणारं दूध पातेल्याच्या काठावरून येतं तसा, सावकाश अलीकडे ओसंडत होता. खाली मुलगी गोधडीत गुरफटून झोपली होती. मला रडूच आलं. रोज पहाटे तासभर हे चाललं होतं आणि आम्ही तिला हळदीचं दूध पाजत होतो.

तुम्ही आजींना फोन करून हीच बॅटरीची परीक्षा करायला सांगा. पहाटे करायची, दिवे घालवून.

पावसात धूर जास्त का होतो, तेही सांगते. बेगमीची लाकडं कितीही झाकली तरी आषाढात सर्द होतात. मग जाळाची उष्णता लाकडातलं पाणी उडवण्यातच जाते, जाळ थंड राहतो आणि लाकूड अर्धवट जळून नुसतं धुमसतं. पेटत नाही म्हणून कुणी दुधाची रिकामी पिशवी खाली सारतं, कुणी काजूची टरफलं टाकतं. हे दोन्ही आजपासून बंद करायला सांगा. टरफलातलं तेल कातडी भाजणारं असतं, ते घरात सगळ्यांना माहीत असतं, तरी त्याच्या धुराकडे दुर्लक्ष होतं. सुकी सोडणं (नारळाची सालं), सुक्या झावळ्या पेटवायला पुरतात, त्यांचा थोडा साठा चुलीपासून हातभर लांब, कोरड्यात ठेवायचा.

धुरातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-तीस पटींनी बारीक. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आणि या वयात फुप्फुस अजून वाढत असतं, अगदी विशीपर्यंत. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांची फुप्फुसं दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत दरवर्षी मोजली होती. जास्त प्रदूषित गावांतल्या मुलांच्या फुप्फुसाची वाढ कमी भरली, हे २००४ मध्ये छापून आलं. पुढे तिथली हवा सुधारल्यावर नंतरच्या मुलांची वाढही सुधारली, हे २०१५ मध्ये आलं. तो अभ्यास बाहेरच्या हवेचा होता, पण मला त्यातून धीर मिळाला, कारण हवा सुधारली की मुलांना फायदा होतो हे त्यात मोजून दाखवलं होतं.

चुलीनंतर डासांची कॉइल. आमच्याकडे ती रात्रभर मुलीच्या उशाशी जळायची, दारं-खिडक्या लावून. मलेशिया आणि चीनमधल्या कॉइल तपासून २००३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके हे बारीक कण निघतात. हे वाचल्यावर मी कॉइल बंद केली आणि त्याच संध्याकाळी मच्छरदाणी बाहेर काढून लावली. आजींच्या माळ्यावर एखादी पडलेली असेलच.

ओल हा वेगळाच विषय आहे. कपाटामागे काळी बुरशी, कापसाच्या गादीला कुबट वास, माजघरातल्या वलणीवर दोन-दोन दिवस न वाळणारे कपडे. गादीतले डोळ्यांना न दिसणारे किडे अशा दमट हवेत पोसले जातात, आणि दम्याच्या मुलांना त्यांचा फार त्रास होतो. मुलाची गादी भिंतीपासून हातभर दूर ठेवा, खोळ आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा, उघडीप मिळाली की गादी उन्हात टाका. त्याच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका.

आम्ही चूल मागीलदारी पत्र्याच्या उघड्या पडवीत नेली आणि न्हाणीच्या भिंतीवरची मोकळी जागा फळ्यांनी बंद केली. गॅसचा गिझर घ्यायचा विचार असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद न्हाणीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडतो.

सासूबाईंना पटवणं सगळ्यात जड गेलं. "आमची हयात ह्या धुरात गेली" असं त्या म्हणाल्या, आणि म्हणताना खोकल्या. तो खोकला मी घरात आल्यापासून ऐकत होते. आम्ही कुणी त्याला आजार म्हटलंच नव्हतं. पुढे मुलीबरोबर त्यांनाही फुंकून करायच्या तपासणीला नेलं, ती स्पायरोमेट्री. तुमच्या आजी विडीला न शिवलेल्या असल्या तरी त्यांनाही न्या.

मुलाला मात्र घरची व्यवस्था होईपर्यंत डॉक्टरांशिवाय ठेवू नका. शिट्टी वाजते म्हणजे दमा असू शकतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयासाठी थुंकीची तपासणीही करून घ्या. श्वासातून औषध ओढायचा पंप (इनहेलर) दिला तर घाबरू नका, त्याची चटक लागते हा गैरसमज आहे. औषध थेट श्वासनळीत जातं म्हणून गोळीपेक्षा कमी मात्रा पुरते. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, वाक्य पुरं करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता गाडी काढा.

आमच्या मुलीचा पुढचा पावसाळा पुष्कळ बरा गेला. औषधही चालू होतं, त्यामुळे चूल हलवल्याने किती आणि पंपाने किती फरक पडला, ते मी सांगू शकत नाही. आता ती अकरावीत आहे.

बॅटरीने काय दिसलं ते इथे लिहा. मुलगा माजघरात झोपतो की माळ्यावर, तेही. माळ्यावर असेल तर आज रात्रीच त्याला खाली आणा, धूर आधी तिथेच साठतो.