नाशिकजवळ दिसलेली निळ्या फुलांची, खरखरीत केसाळ पानांची ही वनस्पती कोणती? काढा करून प्यायला चालेल का?

पांडवलेणीच्या पायथ्याशी मुरमाड जमिनीत उगवलेलं, गुडघ्याएवढं रोप आणि खाली मान घातलेली फिकट निळी फुलं, हे वर्णन वाचल्यावर मला तरी हा छोटा कल्पाच वाटतो. शास्त्रीय नाव ट्रायकोडेस्मा इंडिकम, संस्कृतात अधःपुष्पी. फोटोवरून झाड ओळखणाऱ्या तुमच्या अ‍ॅपने ‘बोरेज’ सांगितलं, पण ते मूळचं भूमध्य समुद्राकडचं, आपल्या माळावर आपोआप उगवणारं नाही. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींची फुलं निळी, पानं राठ. त्यामुळे नुसत्या फोटोवरून गल्लत होते.

खात्री करायची तर फूल मागून बघा. हलकेच वर उचललंत की पाकळ्यांमागच्या हिरव्या पानांसारख्या संदलांच्या बुडाशी टोकदार कान बाहेर आलेले दिसतील. ही खूण मी सर्वांत आधी तपासतो, कारण याच्या भाऊबंदाला, ट्रायकोडेस्मा झेलॅनिकमला, असे कान नसतात. फुलाच्या मधोमध परागकोशांची टोकं एकमेकांत पीळ घालून बारीक सुळका करतात, तोही बघण्यासारखा असतो. पानाला देठ जवळजवळ नसतोच. पान उन्हात तिरकं धरा: राठ केसाच्या मुळाशी पांढरट बारीक पुटकुळी दिसेल. हाताला लागते ती खरखर या केसांची.

निसुर्डीचाही संशय येऊ शकतो. ती सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरताना फुलते. पण तिची बुडातली पानं मोठी, बदामाच्या आकाराची आणि लांब देठाची असतात, आणि फळांना आकडे असल्यामुळे ती कपड्यांना चिकटतात. कल्प्याची फळं संदलांच्या आतच झाकलेली राहतात.

आता काढ्याचं. कृपा करून पिऊ नका, घरात कोणाला देऊही नका. या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. ती यकृताला इजा करतात आणि उकळल्याने जातील या भरवशावर राहू नका. छोट्या कल्प्याचा उल्लेख आयुर्वेदात आहे हे खरं, पण त्यावरून आपणच पानं तोडून पातेल्यात टाकायची नसतात. शिवाय काष्ठौषधींच्या दुकानात ‘गावजबान’ या एकाच नावाखाली या कुळातल्या वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, म्हणून नावावर विसंबू नका.

पुन्हा तिकडे गेलात तर रोप उपटू नका. फुलाच्या मागच्या बाजूचा आणि खोडाला पान जिथे जुळतं तिथला, असे दोन जवळून काढलेले फोटो इथे टाका, म्हणजे नक्की सांगता येईल.